मोशन ट्रॅकिंगमधील दोषनिवारण

मोशन ट्रॅकिंग म्हणजे चित्रफितीतील ठळक बिंदूंचा चौकटीगणिक माग घेऊन कॅमेऱ्याची किंवा वस्तूची हालचाल गणिताने काढण्याची संगणकीय पद्धत होय. संगणकनिर्मित पात्र चित्रित दृश्यात स्थिर उभे दिसावे, यासाठी ती वापरतात. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी व अंधेरी परिसरातील स्टुडिओ यांमुळे मुंबईच्या पश्चिम उपनगरांत असे काम नित्य चालते. ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०११ साली आली.

दोष व उपाय

पात्र जमिनीवर घसरताना दिसल्यास दोष बहुधा बिंदूंच्या निवडीत असतो. अंधेरी स्थानकाबाहेरील दृश्यात माणसे व रिक्षा यांवरील बिंदू कॅमेऱ्याची गती सांगत नाहीत. इमारतींचे कोपरे, खिडक्या असे अचल बिंदू घ्यावे लागतात. जवळची व दूरची तार जेथे छेदताना दिसते, तो बिंदू फसवा असतो. कॅमेरा हलताच तोही सरकतो. कॅमेरा झटक्याने वळल्यास बिंदू धूसर होऊन निसटतो. तेथे शोधक्षेत्र वाढवतात किंवा बिंदू हाताने बसवतात.

ब्लेंडरला कॅमेऱ्याच्या गणनेसाठी दोन मुख्य चौकटींत किमान ८ समान बिंदू लागतात. कॅमेरा जागच्या जागी वळला असेल, तर दृश्याची खोली कळत नाही. अशा वेळी तिपाईचा पर्याय निवडतात. भिंगाचे नाभीय अंतर चुकीचे भरल्यासही गणना बिघडते.

सरासरी त्रुटी १ पिक्सेलहून कमी असणे चांगले मानतात. मात्र मोजक्या बिंदूंवर चुकीची गणनाही अल्प त्रुटी दाखवू शकते. म्हणून जमिनीवर एक घन ठेवून संपूर्ण दृश्य तपासणे आवश्यक ठरते.