धार लावणं वेगळं, धार राखणं वेगळं

लहानपणी जुम्म्याच्या सकाळी अब्बा मला नांदेडच्या इतवाऱ्यातल्या हज्जामचाचांकडे घेऊन जायचे. दुकान म्हणजे दोन लाकडी खुर्च्या, पारा उडालेला आरसा आणि भिंतीतल्या खिळ्याला लटकलेला चामड्याचा पट्टा. त्याला आम्ही चमोटा म्हणायचो. गिऱ्हाईक बसलं की चाचा डाव्या हातानं पट्टा ताणून धरायचे आणि उजव्या हातानं उस्तरा वर-खाली फिरवायचे. सपक्, सपक्. तो आवाज ऐकला की माझ्या मानेवर काटा यायचा.

एकदा मी विचारलं, “चाचा, रोज रोज धार का लावता?”

ते हसून म्हणाले, “बेटा, धार लगाना अलग, धार रखना अलग.”

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. धार लावायला दगड लागतो. बारीक पोताच्या पथरीवर पोलाद घासलं की ते झिजतं आणि नवी कड तयार होते. हे काम कधीतरीच करायचं, नाहीतर वस्तराच संपून जातो. चमोट्यावर मात्र पोलाद फारसं झिजत नाही. दाढी करताना वस्तऱ्याची पातळ कड किंचित वाकते, चामड्यावर ती पुन्हा सरळ होते. त्याचीही रीत ठरलेली. वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढायचा, टोकाला आला की पाठीवरच उलटायचा. धार पुढे गेली तर चामडं कापलं जातं. पट्टा सैल पडला तर धार गोल होते. काम झालं की पातं कोरडं पुसायचं आणि पावसाळ्यात तेलाचा हात फिरवायचा, कारण गंज आधी धारेलाच लागतो. पट्टा नसेल तर तळहात होताच. गावोगाव धोकटी घेऊन फिरणारे कारागीर तळहातावरच वस्तरा फिरवायचे.

केस पोलादापेक्षा साधारण पन्नास पटींनी मऊ असतो. तरीही तो धारेचे सूक्ष्म टवके पाडतो. हे कसं घडतं, याचा उलगडा अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये केला. मऊ वस्तूही पोलादाला हरवते, ही गोष्ट चाचांना त्यांच्या वालिदांनी प्रयोगशाळेशिवायच शिकवली होती.

आता या हत्याराच्या इतिहासाकडे वळू. ‘वस्तरा’ हा शब्द फारसी ‘उस्तुरा’वरून आला. ‘हजामत’ अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ तुंबड्या लावून रक्त काढणं. म्हणजे हज्जाम हा आधी उपचार करणारा माणूस होता. खतना करणं, गळू फोडणं ही कामंही त्याच्याकडेच असायची. आज आपण ‘त्याची चांगलीच हजामत केली’ असं हसत म्हणतो, तेव्हा एका वैद्याचा शब्द आपण फजितीसाठी वापरतो.

दगडावर धार लावणारे ते शिकलगार. मूळ शब्द ‘सैकल’, म्हणजे पोलाद घासून चकचकीत करणं. महाराष्ट्रात शिकलगार आडनावाची मुस्लिम कुटुंबं आहेत, तर नांदेडमध्ये शिकलीगर शीख राहतात. धर्म दोन, धंदा एक आणि नावही एकच.

नांदेडची आणखी एक गंमत आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथेच ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं. केसांना वस्तरा न लावणाऱ्या शिखांच्या या ग्रंथात भगत सैण यांचं एक पद आहे, आणि सैण न्हावी होते. आपल्याकडे ते संत सेना महाराज. मराठी परंपरा त्यांना बिदरच्या बादशहाच्या पदरी ठेवते, उत्तरेतली परंपरा बांधवगडच्या राजाकडे. १६९९ मध्ये खालसा स्थापन झाला, तेव्हा पुढे आलेल्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हेही शीख परंपरेनुसार बिदरचे न्हावी. आज लातूर जिल्ह्यात असलेलं उदगीर १९५६ पर्यंत त्याच बिदर जिल्ह्यात होतं. म्हणजे हे सगळे आपल्याच मुलखाचे. तलवारींवर आपल्याकडे पोतंभर पुस्तकं आहेत. वस्तऱ्यावर कोण लिहिणार?

पण नुसता गौरव केला तर तो खोटा ठरेल. चमोट्याचं चामडं ढोर आणि चांभार समाजाच्या हातून येत होतं. ते चामडं वस्तऱ्याला रोज चालायचं. ज्यानं ते कमावलं, त्याचा गाल मात्र गावच्या वस्तऱ्याला चालत नव्हता. दलितांची दाढी-कटिंग करायला गावोगाव नकार मिळायचा. आमचे हज्जाम या पापातून अगदी सुटले होते, असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो व्यापक ठेवला. जो कोणी लोकांना सेवा देतो, तो सगळा त्यात आला, आणि त्यात त्यांनी हजामतीचं दुकानही मोजलं. ते आज संविधानाचं कलम १५ आहे.

त्याच्या दोनच महिने आधी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाचं राज्य संपलं होतं. आधी रझाकारांचे अत्याचार झाले, नंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबादमध्ये होतं.

माझे आजोबा लातूरजवळच्या एका खेड्यात राहायचे. त्या दिवसांत ते कितीतरी दिवस घराबाहेर पडले नव्हते. मग एके सकाळी गावचे वारीकदादा धोकटी घेऊन दारात आले. मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणतात. “दाढीचा खत काढायचा राहिलाय,” एवढंच ते म्हणाले. आजोबा ओट्यावर बसले. वारीकदादांनी वस्तरा नेहमीपेक्षा जास्त वेळ तळहातावर फिरवला. मग आजोबांनी डोळे मिटले आणि मान वर केली. आजोबा हा किस्सा इथेच थांबवायचे. पुढे काय झालं, हे त्यांना सांगावंसं वाटत नसे. काहीच झालं नव्हतं, हेच तर सांगायचं होतं.

नव्वदच्या दशकात एड्सची भीती आली आणि वस्तऱ्याच्या मुठीत अर्धं ब्लेड बसलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, हे बरंच झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता धार राखावी लागत नाही, ती विकत मिळते आणि वापरून फेकता येते.

शेजारधर्माचं तसं नसतं. सण, सभा, शांतता समितीची बैठक, हे सगळं दगडावर धार लावण्यासारखं आहे. ते कधीतरी लागतंच. मधल्या दिवसांचं काय? हल्ली कुणाकडून काय घ्यावं, कुणाच्या दुकानात जाऊ नये, याचे निरोप मोबाइलवर फिरतात. असा निरोप आला की मला आजोबांची वर केलेली मान आठवते. तो भरवसा एका दिवसात आलेला नव्हता. बरीच वर्षं, दर आठवड्याला, कुणीतरी तो तळहातावर फिरवून राखला होता.

चाचांचं दुकान आता त्यांचा नातू चालवतो. एसी आहे, फिरत्या खुर्च्या आहेत. चमोटा मात्र त्याच खिळ्याला आहे. मागच्या खेपेला मी सहज हात लावून पाहिला. चामडं कडक झालंय, मधोमध भेगा पडल्यात. वापरात नसलं की चामड्याचं असंच होतं.