श्वानांचा लूत रोग व त्याच्या कारणाचा शोध

प्राण्यांच्या वैद्यकासंबंधीं जे संस्कृत ग्रंथ आपल्यास उपलब्ध आहेत त्यांत हत्ती व घोडा यांचा मान पहिला. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १८९४ मध्यें छापला. जयदत्ताचें अश्ववैद्यक कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका मालेंत त्याच्या थोडें आधीं निघालें. सैन्याचें बळ ज्या जनावरांवर अवलंबून, त्यांच्या रोगांची चिकित्सा राजाश्रयानें लिहिली जावी हें स्वाभाविकच आहे. कुत्र्याच्या रोगांवर त्या तोलाचा ग्रंथ आमच्या पाहण्यांत नाहीं. तथापि कुत्रा आमच्या इतिहाससाधनांत अगदींच नाहीं असें मात्र नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत राजाच्या विनोदांमध्यें श्वानांचें प्रकरण आहे. आतकूर येथील शके ८७२ च्या शिलालेखांत काळि नांवाच्या कुत्र्यानें रानडुकराशीं झुंजून प्राण दिल्याची हकीकत कोरलेली आहे. खंडोबाच्या व दत्ताच्या सान्निध्यांतला कुत्रा तर घरोघरच्या टांकांवर व चित्रांत आहेच. असें असूनहि या प्राण्याच्या केंस झडण्याचा, कातडें जाड व काळें पडण्याचा जो रोग प्रत्येक गांवच्या वेशींत दिसतो, त्याच्या कारणाचा शोध कोठें, कधीं व कसा लागला, हा विषय आमच्या भाषेंत फारसा चर्चिला गेलेला नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु तोच आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. मराठींत या रोगास लूत म्हणतात. हा शब्द संस्कृत लूता या शब्दापासून आला, आणि लूता म्हणजे कोळी. अमरकोशांत तंतुवाय, ऊर्णनाभ व मर्कटक हे त्याचे पर्याय सांगितले आहेत. मोनियर-विल्यम्स याच्या १८९९ च्या कोशांत कोळी, मुंगी व एक प्रकारचा त्वग्रोग असे या एकाच शब्दाचे अर्थ दिले आहेत. आतां आधुनिक प्राणिशास्त्राप्रमाणें कुत्र्यास लूत लावणारा सूक्ष्म जंतु हा आठ पायांचा असून त्याची गणना कोळी, विंचू व गोचीड यांच्याच वर्गांत होते. म्हणजे रोगाचें नांव कोळ्यावरून आणि रोगाचें कारण कोळ्याच्या जातकुळींतलें! हा योग पाहून, आमच्या पूर्वजांस सूक्ष्मदर्शकावांचूनच हें सर्व ठाऊक होतें, असें म्हणण्याचा मोह कोणासहि होईल. इतिहाससंशोधकानें मात्र अशा मोहास बळी पडण्यापूर्वीं साधनांची उलटतपासणी केली पाहिजे.

सुश्रुताच्या कल्पस्थानांत लूतांच्या विषाचें सविस्तर प्रकरण आहे. वसिष्ठाच्या घामाचे थेंब कापलेल्या, म्हणजे लून, गवतावर पडून लूता उत्पन्न झाल्या अशी कथा तेथें आहे. लूतांचे सोळा प्रकार मानून त्यांपैकीं आठ कष्टसाध्य व आठ असाध्य ठरविले आहेत. त्यांची लाळ, नख, मूत्र, दंश इत्यादींच्या द्वारें विष अंगास बाधतें व कातड्यावर फोड, चकंदळें व क्षतें उठतात असें तेथें प्रतिपादन आहे. अंगावर कोळी फिरल्यानें फोड येतात ही समजूत लोकांत अद्यापि ऐकूं येते, ती याच परंपरेंतली. तेव्हां रोगास लूता हें नांव मिळालें तें डोळ्यांस दिसणाऱ्या, जाळें विणणाऱ्या कोळ्याच्या विषाच्या कल्पनेवरून. कातड्यांत बिळें करून राहणाऱ्या जंतूच्या दर्शनावरून नव्हे. नांव जुळलें म्हणून ज्ञान सिद्ध होत नाहीं.

दुसरें साधन याहून अधिक विचार करण्याजोगें आहे. चरकाच्या विमानस्थानाच्या सातव्या अध्यायांत रक्तांत राहणाऱ्या कृमींचें वर्णन आहे. त्यांत केशाद व लोमाद, म्हणजे केंस व लव खाणारे, अशीं नांवें येतात. ते अतिसूक्ष्म असून त्यांपैकीं कांहीं दिसतच नाहींत, आणि केंस, दाढी, नखें, लव व पापण्या यांचा नाश हा त्यांचा परिणाम होय, असें ग्रंथकार सांगतो. केंस झडण्याच्या मागें अदृश्य जीव असावा हा तर्क निःसंशय तीक्ष्ण आहे. परंतु याच ठिकाणीं या कृमींस पाय नसतात व ते वाटोळे असतात असेंहि स्पष्ट म्हटलें आहे. शिवाय त्यांचें स्थान रक्तवाहिन्या, व विवेचन मनुष्याच्या रोगाचें. लुतीचा जंतु कातड्यांत राहतो, रक्तांत नव्हे, आणि त्यास पाय आहेत. यावरून चरकाचें वचन हें अनुमानाचें उत्तम उदाहरण आहे, निरीक्षणाचें नव्हे, असें आमचें मत झालें आहे. असें म्हटल्यानें चरकाचा मान यत्किंचितहि कमी होत नाहीं. न पाहिलेली गोष्ट पाहिली असें त्याच्या नांवावर चढविल्यानेंच तो कमी होईल.

आतां युरोपांतील साधनांकडे वळूं. ऑगस्टस बादशहाच्या काळांतील ग्रातियस या रोमन कवीच्या मृगयाकाव्यांत कुत्र्यांच्या खरजेचा विषय आलेला आहे. पुढें फ्वा परगण्याचा अधिपति गास्तों फेब्युस यानें इ. स. १३८७ मध्यें आपला मृगयाग्रंथ लिहावयास घेतला. पंधराव्या शतकाच्या आरंभीं तयार झालेली त्याची एक सचित्र हस्तलिखित प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत फ्रेंच हस्तलिखितांत ६१६ या क्रमांकानें जतन केलेली आहे. तींत कुत्र्यांचे कान, पाय व तोंडें तपासून उपचार करणाऱ्या सेवकांचें चित्र आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं तें अवश्य पाहावें. या ग्रंथाचें बव्हंशीं इंग्रजी भाषांतर यॉर्कचा ड्यूक एडवर्ड यानें १४०६ ते १४१३ च्या दरम्यान केलें. त्यांत लुतीचे चार प्रकार सांगितले असून, एकींत केंस जाऊन कातडें फुटतें व जाड होतें, दुसरी विशेषतः कान व पाय यांवर येते, असे भेद केले आहेत. कानांच्या कडा, कोपरें व मागच्या पायांचे सांधे हीं स्थानें आजहि खाजऱ्या लुतीचीं मुख्य लक्षणें मानतात. शिकाऱ्यांची नजर किती बारीक होती तें यावरून दिसतें. परंतु कारण विचारलें असतां त्या काळचें वैद्यक दूषित रस व रक्त यांकडेच बोट दाखवी. लक्षणें बरोबर, वर्गीकरण उपयुक्त, कारण मात्र चुकलेलें, अशी ही अवस्था सुमारें तीनशें वर्षें टिकली.

ती मोडणारा कागद म्हणजे इटलींतील लिव्होर्नो येथील वैद्य जोव्हान्नी कोझिमो बोनोमो याचें फ्रांचेस्को रेदी यास लिहिलेलें १८ जुलै १६८७ चें पत्र. या कामांत औषधविक्रेता जाचिंतो चेस्तोनी हा त्याचा सहकारी होता. खरूज झालेल्या मुलांच्या आया सुईच्या टोंकानें कातड्यांतून कांहीं तरी काढून नखांवर चिरडतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. तेंच काढून त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविलें, तों कांसवाच्या आकाराचा एक पांढुरका जीव चालतांना दिसला. पुढें त्याचें अंडेंहि सांपडलें. खरूज ही रक्तदोषानें होत नसून या जीवाच्या दंशानें होते व स्पर्शानें, कपड्यांनीं पसरते, असा सिद्धांत त्यांनीं मांडला. बोनोमोनें पाय मात्र सहाच मोजले. पूर्ण वाढलेल्या जंतूस ते आठ असतात. पोपचा वैद्य लांचीसी यानें या मतास विरोध केला. रिचर्ड मीड यानें १७०३ मध्यें त्याचा इंग्रजी सारांश लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत छापला, तरी रक्तदोषाचें मत पुढें शंभर वर्षें सुटलें नाहीं. येथें आमच्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मूळ ज्ञान निरक्षर स्त्रियांच्या हातांत होतें. विद्वानांनीं तें लिहून काढिलें एवढेंच.

यानंतर या इतिहासांत एक बनावट प्रकरण येतें. पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयांतील गालेस यानें १८१२ मध्यें खरजेचा जंतु सांपडल्याचें आपल्या प्रबंधांत जाहीर करून त्याचीं चित्रें दिलीं. परंतु इतरांस तो जंतु कांहीं केल्या सांपडेना. १८२९ मध्यें रास्पाय यानें चित्रें ताडून दाखविलें कीं, हा जीव जुन्या चीजमध्यें पडणारा किडा होय. एका खोट्या चित्रामुळें खऱ्या जंतूवरचाहि विश्वास उडाला. अखेर १८३४ मध्यें कॉर्सिका बेटांतला रेनुची नांवाचा विद्यार्थी त्याच रुग्णालयांत उभा राहिला, आणि आपल्या प्रांतांतील बायका ज्या रीतीनें सुईनें जंतु काढीत त्या रीतीनें त्यानें तो सर्वांसमक्ष काढून दाखविला. बनावट सनदेनें खऱ्या वतनाचीहि शाबिती कशी दुर्बळ होते, हें ज्यांनीं दप्तरें चाळलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

मनुष्याच्या खरजेचा वाद मिटल्यावर जनावरांकडे लक्ष गेलें. हेरिंग यानें १८३८ मध्यें जनावरांच्या खरूजजंतूंवर लिहिलें व कुत्र्याच्या कानांतील जंतूचें वर्णन केलें. बर्लिनच्या गेर्लाख यानें १८५७ मध्यें मनुष्य व जनावरें यांच्या खरजेचा तुलनात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. याच सुमारास दुसराच एक जंतु पुढें आला. बर्लिनच्या गुस्ताफ सिमोन यानें १८४२ मध्यें मनुष्याच्या केंसांच्या मुळाशीं लांबट, अळीसारखा जीव पाहिला. ओवेन यानें त्यास डेमोडेक्स हें नांव दिलें. लौकरच तो कुत्र्याच्याहि कातड्यांत सांपडला, व लायडिग यानें १८५९ मध्यें श्वानांतील जातीचें वर्णन केलें.

कारणमीमांसेच्या दृष्टीनें हा दुसरा जंतु फार महत्त्वाचा आहे. खाजऱ्या लुतीचा जंतु बाहेरून, दुसऱ्या जनावराकडून येतो. डेमोडेक्स मात्र निरोगी कुत्र्याच्या अंगावरहि थोड्या संख्येनें असतोच. जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं दिवसांत पिलें आईच्या अंगास लागून पितात, त्या वेळीं तो त्यांजकडे जातो. अंगची प्रतिकारशक्ति ढासळली म्हणजे तो बेसुमार वाढतो व केंस झडूं लागतात. अर्थात् जंतु सांपडला एवढ्यानें कारण सांपडलें असें होत नाहीं. तो आतांच कां वाढला हा प्रश्न उरतो. उलट, खाजऱ्या लुतींत कातडें खरवडून पाहिलें तरी पुष्कळदां जंतु दिसत नाहीं, आणि तरीहि रोग तोच असतो. एका ठिकाणीं पुरावा आहे पण तो पुरेसा नाहीं; दुसऱ्या ठिकाणीं पुरावा मिळत नाहीं म्हणून गोष्ट घडलीच नाहीं असें ठरत नाहीं. हे दोन्ही नियम इतिहासासहि जसेच्या तसे लागू आहेत.

तिसरें कारण बुरशीचें. पॅरिसमध्यें ग्रुबी यानें १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत गजकर्णाच्या बुरशा दाखविल्या. कुत्र्यामांजरांत आढळणारी मुख्य बुरशी बोदें यानें १९०२ मध्यें वर्णिली. वुड याच्या दिव्याच्या जंबुपार प्रकाशांत अशा बुरशीचे केंस हिरवट चमकतात हें १९२५ मध्यें मार्गारो व देवेझ यांनीं दाखविलें. मात्र सर्वच केंस चमकत नाहींत, म्हणून केंस पेरून बुरशी वाढवून पाहावी लागते. याखेरीज पिसवांच्या लाळेचें वावडें, अन्नाचें किंवा धुळीचें वावडें, व गळ्यांतील ग्रंथीचा स्राव कमी होणें, हींहि कारणें आहेत. या शेवटच्या कारणांत केंस दोन्ही बाजूंस सारखे जातात व खाज बहुधा नसते. पिसवांच्या वावड्यांत शेपटीच्या मुळाजवळचा भाग प्रथम उघडा पडतो.

तात्पर्य, लूत हा एक शब्द असला तरी रोग एक नव्हे. आमच्याकडे गंधक व करंजाचें तेल लावण्याची रूढि आहे. गंधक खरजेच्या जंतूस मारतो हें खरें, म्हणून कांहीं कुत्रीं बरीं होतात. परंतु कारण न पाहतां केलेला तोच उपचार ग्रंथीच्या विकारांत व्यर्थ जातो, आणि कोठें कोठें लोक जळकें इंजिन-तेल किंवा राकेल चोपडतात तें तर विषच होय, कारण कुत्रा तें चाटतो. जमिनींतील सूक्ष्म जीवापासून निघालेलें आयव्हरमेक्टिन हें औषध, ज्याच्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांस २०१५ मध्यें नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला, तें दोन्ही प्रकारच्या लुतीवर चालतें. पण कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांस तें प्राणघातक ठरूं शकतें. म्हणून येथेंहि पशुवैद्याच्या परीक्षेवांचून पाऊल टाकूं नये.

लूत लागलेला कुत्रा म्हणून ज्यास आम्ही दारांतून हांकलतों, त्याचा रोग बहुतांशीं बरा होण्याजोगा आहे. त्यास पूर्वजन्मींचें पाप किंवा रक्ताचा दोष कारण नाहीं. हें ठरावयास सुमारें दीडशें वर्षें लागलीं, तीं साधनांच्या अभावामुळें नव्हे, तर साधनें न तपासतां मत धरून बसल्यामुळें. ज्यांच्या संग्रहीं शिकारखान्याचे, कुत्र्यांच्या खुराकाचे किंवा गुरांढोरांच्या औषधांचे मोडी कागद, बाडें अथवा टिपणें असतील, त्यांनीं तीं किरकोळ समजून बाजूस टाकूं नयेत. लिव्होर्नोच्या आयांच्या सुईप्रमाणें त्यांतहि एखादें खरें निरीक्षण लपलेलें असूं शकेल. तें सांपडेल तेव्हां आहे तसें, पाठांतर न बदलतां, प्रसिद्ध व्हावें, एवढीच आमची विनंति आहे.