तक्रारीनंतरचा सूड आणि भटेरीची भंवरीदेवी

पॉश कायद्याचा फलक आता तालुक्याच्या कचेरीतही दिसतो. पण हा कायदा एका खेड्यातल्या बाईने इमानदारीने केलेल्या नोकरीतून आला, हे किती जणांना ठाऊक आहे?

राजस्थानात जयपूर जिल्ह्यातलं भटेरी गाव. भंवरीदेवी कुंभार समाजातल्या. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात तुटपुंज्या मानधनावर 'साथिन' होत्या. १९९२ मध्ये गावातल्या वरचढ जातीच्या घरात जेमतेम नऊ महिन्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. ते थांबवायचा प्रयत्न करणं हे त्यांचं कामच होतं, ते त्यांनी केलं. २२ सप्टेंबरला त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ड्युटी केली म्हणून घेतलेला हा सूड होता. गावाने वाळीत टाकलं ते वेगळंच. १९९५ मध्ये कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळं केलं.

'विशाखा' आणि इतर संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल आला. तीन न्यायमूर्तींमध्ये सुजाता मनोहर होत्या, आपल्या मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती. तक्रारदार बाईला आणि साक्षीदारांना नंतर त्रास होता कामा नये, हे त्या निकालात स्पष्ट लिहिलंय. संसदेने कायदा करायला मात्र २०१३ उजाडलं.

आणि घोडं इथेच अडतं. बातमीदारीत माझ्याकडे येणाऱ्या बायका छळापेक्षा त्यानंतरचंच जास्त सांगतात. लांबची बदली, गोपनीय अहवालात शेरा, कंत्राट न वाढवणं. चौकशी चालू असताना बाईने लेखी मागितलं तर समिती दोघांपैकी एकाच्या बदलीची किंवा तिला ३ महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते. ज्याच्यावर आरोप आहे त्या साहेबाला तिचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासूनही रोखता येतं. पण चौकशी संपल्यावर सूड उगवला तर? अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात असा सूड घेणंच स्वतंत्रपणे बेकायदा आहे. आपल्या कायद्यात त्यासाठी वेगळं कलम नाही.

म्हणून ताई-माईंनो, तक्रार लेखीच द्या, पोच घ्या, ३ महिन्यांच्या आत द्या. १० पेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी काम करत असाल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. आणि सोबत काम करणाऱ्यांनो, तिची बदली झाली की "साहेबांचा निर्णय" म्हणून गप्प बसू नका. भटेरीतही गाव गप्पच बसलं होतं.