दोन ओळींमधली उपाशी जागा : दक्षिण आफ्रिकेच्या घटनेतील कलम २९(१)चे भाष्य

दक्षिण आफ्रिकेची घटना १९९६ साली मंजूर झाली आणि ४ फेब्रुवारी १९९७ पासून लागू झाली. काळ्या मुलांनी किती आणि कशासाठी शिकायचे, हे त्याआधी १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने ठरवून टाकले होते. त्याच धोरणाविरुद्ध १९७६ साली सोवेटोतील शाळकरी मुले रस्त्यावर उतरली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शिक्षणाचा हक्क देणाऱ्या या कलमाचा अर्थ लावताना तो इतिहास बाजूला ठेवून चालत नाही.

‘प्रत्येकाला हक्क आहे...’

येथे नागरिकत्वाची अट नाही. याचा कस २०१९ मध्ये लागला. कागदपत्रे नाहीत म्हणून ईस्टर्न केप प्रांतात मुलांना शाळेबाहेर ठेवले जात होते. जन्मदाखला नसला तरी मुलाला शाळेत घेतलेच पाहिजे, असा निकाल मखांडा येथील उच्च न्यायालयाने दिला.

‘(क) मूलभूत शिक्षणाचा, प्रौढांच्या मूलभूत शिक्षणासह;’

कलमाचा सारा जोर या ओळीत आहे. याच घटनेत घर आणि आरोग्यसेवा यांच्या हक्कांना ‘उपलब्ध साधनांच्या मर्यादेत’ अशी मुरड घातलेली आहे. या ओळीला ती नाही. हा हक्क आजच्या आज मागता येतो, असे घटना न्यायालयाने २०११ मध्ये डर्बनच्या जुमा मस्जिद शाळेच्या खटल्यात स्पष्ट केले.

मग मूलभूत शिक्षणात काय काय येते? न्यायालयांनी ही यादी एकेक वस्तू हातात घेऊन वाढवली. लिम्पोपो प्रांतात २०१२ साली शाळा सुरू होऊन कित्येक महिने झाले तरी पाठ्यपुस्तके पोचली नव्हती. हे प्रकरण सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेले. नेमलेले प्रत्येक पुस्तक प्रत्येक मुलाला मिळालेच पाहिजे, बहुतेकांना मिळाले ही सबब चालणार नाही, असे त्या न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. बाक-टेबले आणि दूरच्या मुलांसाठी वाहन यांवरही निकाल झाले. जुलै २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, शाळेतले जेवण बंद पडले असताना प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने ते सुमारे नव्वद लाख मुलांना पुन्हा देण्याचा आदेश काढला. मक्याची घट्ट उकड, सोबत डब्यातली मासळी किंवा सोया: बऱ्याच मुलांचे दिवसातले भरवशाचे खाणे एवढेच. ते खाणे शिक्षणाच्या हक्काचा भाग ठरले, हे मला या ओळीचे सर्वांत मोलाचे वाचन वाटते.

मूलभूत शिक्षण संपते कुठे, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे कलम २१-क मध्ये ६ ते १४ वर्षे ही चौकट घटनेतच आहे. तिथे तशी नाही. शाळा कायद्यातली सक्ती मात्र पंधरावे वर्ष किंवा नववी इयत्ता, यांपैकी जे आधी येईल तिथे थांबते. २०२० मध्ये लिम्पोपोतल्या एका बारावीच्या विद्यार्थ्याला ऐन पेपरच्या दिवशी पालकांना घेऊन येण्यासाठी परत पाठवले आणि त्याचा पेपर बुडाला. घटना न्यायालयाने त्याला परीक्षेची संधी मिळवून दिली आणि बारावीपर्यंतचे शालेय शिक्षण मूलभूतच आहे, असे म्हटले.

‘(ख) पुढील शिक्षणाचा, जे शासनाने वाजवी उपायांनी...’

येथून मुरड सुरू होते. उपाय म्हणून १९९९च्या कायद्याने ‘एन्सफास’ ही विद्यार्थी साहाय्य योजना उभी राहिली, तीही मुख्यतः कर्जाच्या रूपात. २०१५च्या ‘फीज मस्ट फॉल’ आंदोलनानंतर, १६ डिसेंबर २०१७ रोजी अध्यक्ष झुमा यांनी वार्षिक साडेतीन लाख रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी पूर्ण अनुदान जाहीर केले. मर्यादेच्या जरासे वर असलेल्यांना तिकडे ‘मिसिंग मिडल’ म्हणतात. फी त्यांना झेपत नाही आणि अनुदानही मिळत नाही.

‘...क्रमाक्रमाने उपलब्ध आणि आवाक्यात आणले पाहिजे.’

जागा असणे वेगळे आणि ती परवडणे वेगळे; ओळ दोन्ही मागते. बारावीपर्यंत शाळेत जेवलेली मुलगी फेब्रुवारीत विद्यापीठात येते, तेव्हा ते ताट सुटलेले असते आणि खाणे, भाडे सारे भत्त्यावर येते. २०२३ मध्ये एन्सफासने भत्ते बाहेरच्या कंपन्यांमार्फत थेट वाटायला घेतले. पैसे उशिरा आले, कापून आले, विद्यार्थी रस्त्यावर आले; एप्रिल २०२४ मध्ये मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमावा लागला. ‘क्रमाक्रमाने’ ही सवलत योजना किती जणांपर्यंत पोचते, एवढ्यापुरतीच आहे. ज्याला अनुदान मंजूर झाले, त्याला महिनोन्‌महिने थांबवण्याचा आधार या शब्दात नाही. म्हणून उपाय ‘वाजवी’ आहे की नाही हे तपासताना मंजूर रकमेसोबत ती हातात पडल्याची तारीखही न्यायालयांनी पाहावी, असे मला या ओळीवरून वाटते.