संगणकभाषांतील अ‍ॅरेची निम्नसीमा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

एकाच प्रकारच्या अनेक मूल्यांची क्रमवार मांडणी म्हणजे अ‍ॅरे. त्यातील पहिल्या घटकाचा क्रमांक, म्हणजेच निम्नसीमा, कोणी ठरवावी हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. तथापि संगणकभाषांच्या इतिहासात त्याचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले आहे.

जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएममध्ये विकसित झालेल्या फोर्ट्रानमध्ये (१९५७) मोजणी १ पासूनच होत असे. निम्नसीमा सर्वांना ठाऊक असल्याने ती शोधण्याचे कारणच नव्हते. अल्गॉल ६० ने ही चौकट मोडली. दोन्ही सीमा प्रोग्रॅमरने घोषित कराव्यात, त्या ऋण असल्या तरी चालतील, अशी मुभा या भाषेने दिली. मात्र ज्या प्रोसीजरकडे असा अ‍ॅरे सोपविला जाई, तिला तो कोठून सुरू होतो हे विचारण्याची सोय नव्हती. सीमा वेगळ्या कळवाव्या लागत. स्वातंत्र्य आधी आले, चौकशीचे साधन मागाहून. अल्गॉल ६८ मधील ‘एलडब्ल्यूबी’ ही क्रिया हे असे साधन होय. फोर्ट्रान ७७ ने निम्नसीमा निवडू दिली, पण ‘एलबाउंड’ हे फंक्शन फोर्ट्रान ९० मध्येच आले.

दुसरी परंपरा मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएलची (१९६७) आणि तिच्यापासून पुढे आलेल्या डेनिस रिची यांच्या ‘सी’ची. येथे निर्देशांक म्हणजे आरंभस्थानापासूनचे अंतर. म्हणून पहिला घटक ० वा. या निवडीचे श्रेय अनेकदा एड्सखर डायक्स्ट्रा यांना दिले जाते, ते कालक्रमाला धरून नाही. त्यांचे शून्याचे समर्थन करणारे टिपण ऑगस्ट १९८२ मधील आहे. शिवाय त्यांचा युक्तिवाद मेमरीविषयी नसून अंतरालाच्या सुटसुटीत लेखनाविषयी आहे.

व्हिज्युअल बेसिकमध्ये दोन्ही परंपरा एकत्र नांदल्या. २००२ मधील डॉटनेट आवृत्तीत घोषित अ‍ॅरेची निम्नसीमा ० अशी कायम करण्यात आली, तरी ‘एलबाउंड’ ठेवले गेले. एक्सेलमधील व्हीबीएत मात्र त्याची गरज अद्याप खरी आहे. वर्कशीटवरील अनेक सेलची मूल्ये घेतल्यास मिळणारा अ‍ॅरे १ पासून सुरू होतो, तर ‘स्प्लिट’ने मिळणारा ० पासून. पहिल्यावर ० पासून लूप चालविल्यास प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो. दुसऱ्यावर १ पासून चालविल्यास पहिली नोंद गळते आणि कोणतीही सूचना मिळत नाही.