येशू एक, अकीदे दोन

नांदेड-लातूरकडे ख्रिस्ती वस्ती थोडी. त्यामुळे ‘ख्रिश्चन तेवढे सगळे एकच’ असा समज आपल्याकडे पक्का आहे. उर्दू शाळेत शिकवताना आम्हा शिक्षकांना तो वर्गातही भेटतो. मुले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे दोन शब्द पाठ करतात आणि विषय संपतो. आपल्याबद्दल कुणी ‘सगळे मुसलमान सारखेच’ म्हणाले, की मात्र आपल्याला खटकते. म्हणून मॉर्मन पंथाची हकीकत समजून घेण्यासारखी आहे.

हा पंथ महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक 1852 साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. त्याच्या हाती लागले ते मुख्यतः छावणीतले गोरे शिपाई व काही युरोपियन कुटुंबे. इथे आधीपासून काम करणाऱ्या पाद्र्यांनी त्याला आपला मानलेच नाही. 1852 च्या ऑगस्टमध्ये मॉर्मनांनी अमेरिकेत बहुपत्नीत्वाची उघड घोषणा केली होती. ती बातमी इकडे पोचल्यावर विरोधाला आणखी धार चढली. 1856 पर्यंत हे काम गुंडाळले गेले. पुढे 1890 मध्ये मुख्य मॉर्मन चर्चने ती चाल सोडत असल्याचे जाहीर केले. तरी मूळ वाद लग्नांचा नव्हता, अकीद्याचा होता.

जोसेफ स्मिथ याने 1830 मध्ये अमेरिकेत हे चर्च स्थापले. त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापले गेले. सोन्याच्या पत्र्यांवरचा प्राचीन मजकूर ईश्वरी साहाय्याने आपण उलगडला, असा त्याचा दावा होता. 1844 मध्ये तुरुंगात जमावाने त्याला ठार केले.

पहिला फरक ईश्वराविषयीचा. इ. स. 325 च्या नायसिया परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर, ही परंपरागत त्रैक्याची शिकवण. तिलाच आपण तस्लीस म्हणतो. मॉर्मन म्हणतात, हे तिघे वेगवेगळे आहेत, फक्त हेतूने एक आहेत. आणि पित्यालाही हाडामांसाचे शरीर आहे.

दुसरा फरक ग्रंथाचा. इतर चर्चांच्या मते बायबलमध्ये आता भर पडणार नाही. मॉर्मन बायबल मानतात, पण त्याबरोबर आणखी तीन ग्रंथ पवित्र मानतात. त्यांच्या चर्चचा अध्यक्ष हा नबी समजला जातो आणि साक्षात्कार आजही चालू आहे असे ते मानतात.

तिसरा फरक माणसाविषयीचा. आदमच्या पापाचा दोष त्याच्या लेकरांवर येतो, हे मॉर्मनांना मान्य नाही. जन्माआधीही रूह होती आणि मरणानंतर माणूस ईश्वरासारखा होऊ शकतो, असे ते मानतात. मेलेल्यांच्या नावाने जिवंतांना बाप्तिस्माही देतात.

आदमच्या पापाचा भार लेकरांवर नाही, हे ऐकून आपल्यापैकी कुणाला ते जवळचे वाटतील. पण सदेह ईश्वर आणि नवा नबी म्हटल्यावर तौहीद आणि खत्मे नुबुव्वत मानणाऱ्याला तिथेच थांबावे लागते. वरवरच्या सारखेपणावरून नाते जोडू नये, तसे वैरही धरू नये.

मॉर्मनांचा बाप्तिस्मा वैध नाही, असे व्हॅटिकनने 2001 मध्ये जाहीर केले. मॉर्मनही इतर चर्चांतून आलेल्याला पुन्हा बाप्तिस्मा देतात. तरी येशूला तारणारा मानणारे आपणही ख्रिस्तीच, असे ते ठामपणे सांगतात.

कोण आत, कोण बाहेर, हा झगडा आपल्याही घरात आहे. अकीद्यातला फरक स्पष्ट सांगणे हे आलिमांचे काम, आणि ते त्यांनी जरूर करावे. पण त्या फरकावरून शेजाऱ्याचा सलाम तोडायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. वर्गात इतिहास शिकवताना मुलांपर्यंत एवढे पोचले, तरी आम्ही पुष्कळ समजू.