नाकातील पॉलिप पुन्हा का वाढतात?

सर्दी लांबली की ‘मला सायनस आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक सायनस प्रत्येकालाच असतात. गाल, कपाळ आणि नाकामागील हाडांतील हवेच्या पोकळ्यांचे ते नाव आहे. या पोकळ्यांच्या व नाकाच्या अस्तराला आलेली सूज १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर तिला जुनाट सायनुसायटिस म्हणतात. यांपैकी काही रुग्णांच्या नाकात पॉलिप, म्हणजे बोलीभाषेत ‘मांस’, वाढते. सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, पाणीदार व स्पर्शाला फारसे न दुखणारे हे घोस बहुधा दोन्ही नाकपुड्यांत, डोळ्यांच्या मधल्या हाडाच्या कप्प्यांतून खाली उतरतात. (नाकातील नैसर्गिक उंचवटा सुजला, तरी पुष्कळदा त्यालाच ‘मांस वाढले’ म्हटले जाते, दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत.)

शस्त्रक्रियेने काढलेले पॉलिप काही वर्षांत परत येतात, हा रुग्णाला हताश करणारा अनुभव आहे. शस्त्रक्रिया चुकली असेच त्याला वाटते. पण पॉलिप निघाला तरी त्याला वाढवणारे रासायनिक संदेश अस्तरात शिल्लक राहतात. या संदेशांमध्ये ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणजे वृद्धिघटकांचा वाटा मोठा आहे.

वृद्धिघटक ही पेशींनी स्रवलेली प्रथिने होत. शेजारच्या पेशीने वाढावे, विभागावे की जखम भरावी, याचा निरोप ती पोहोचवतात. त्यांच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एरवी हे घटक शरीराचे गवंडीच. परंतु दुरुस्तीचे काम संपल्यावरही ते थांबले नाहीत, की बांधकाम वेडेवाकडे वाढत जाते.

पॉलिपमध्ये लक्षणीय प्रमाणात आढळणारा घटक म्हणजे ‘व्हीईजीएफ’. नव्या रक्तवाहिन्या निर्माण करणे हे त्याचे प्रसिद्ध काम. मात्र १९८३ मध्ये तो प्रथम ओळखला गेला तो रक्तवाहिन्यांना पाझरायला लावणारा घटक म्हणून. अॅलर्जीत पाझर घडवणाऱ्या हिस्टामिनपेक्षा तो या बाबतीत कित्येक हजार पटींनी प्रभावी आहे. पॉलिप इतका पाणीदार का असतो, याचे उत्तर बरेचसे येथे मिळते. रक्तातील द्रव अस्तरात झिरपतो, त्यातील फायब्रिन या प्रथिनाचे जाळे तेथेच अडकून राहते आणि पाणी धरून ठेवते. एरवी हे जाळे विरघळवणारी यंत्रणा पॉलिपमध्ये मंदावलेली असते. दुसरीकडे ‘ईजीएफ’च्या कुळातील घटक अस्तराच्या पेशींना चिकट शेंबूड अधिक निर्माण करण्यास प्रवृत्त करतात.

‘टीजीएफ-बीटा’ या घटकाची कथा सर्वांत उद्बोधक आहे. हा घटक एकीकडे तंतुमय ऊती वाढवतो आणि दुसरीकडे प्रतिकारयंत्रणेच्या अतिरेकाला आवर घालतो. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठात क्लाउस बाखर्ट व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत, पॉलिप नसलेल्या जुनाट सुजेत तो वाढलेला व अस्तर तंतूंनी घट्ट झालेले आढळले. पॉलिप असलेल्यांत मात्र तो कमी होता. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळे आजार वावरत होते. अर्थात हे चित्र प्रामुख्याने युरोपीय रुग्णांचे आहे. आशियाई रुग्णांत सुजेचे स्वरूप काहीसे भिन्न दिसते. त्यामुळे ते आपल्याला जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

बाखर्ट व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पॉलिपमधील ‘इंटरल्युकिन-५’ दाखवून दिले. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना वाढवून दीर्घायुषी करणारा हा घटक. तो रोखणारे मेपोलिझुमॅब अमेरिकेत २०२१ मध्ये पॉलिपसाठी मान्य झाले. त्याआधी २०१९ मध्ये इंटरल्युकिन-४ व १३ यांचे संदेश अडवणाऱ्या डुपिलुमॅबला मान्यता मिळाली होती. ही इंजेक्शने महाग असून दीर्घकाळ घ्यावी लागतात. सरसकट प्रत्येकाला त्यांची गरजही नसते. व्हीईजीएफ रोखणारी औषधे कर्करोग व डोळ्यांच्या विकारांत वापरली जातात, पॉलिपसाठी नव्हे.

तोपर्यंत उपचारांचा कणा आहे तो स्टिरॉइडचा नाकातील फवारा व मिठाच्या पाण्याने नाक धुणे. स्टिरॉइड या संदेशांची निर्मितीच घटवते, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही फवारा चालू ठेवावा लागतो. नाक मोकळे वाटताच तो बंद करणे, ही सर्वाधिक घडणारी चूक. फवारा मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने मारावा. नाक धुण्यासाठी किंवा जलनेतीसाठी उकळून गार केलेलेच पाणी घ्यावे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्यातील अमिबाने दोघांचा बळी घेतला होता. नाक तात्काळ मोकळे करणारे थेंब मात्र काही दिवसांपलीकडे वापरू नयेत.

पॉलिपने वास जातो, आणि वास गेलेल्याला स्वयंपाकघरातील गॅसगळती कळत नाही, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे. पॉलिपसोबत दमा असेल आणि अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने धाप लागत असेल, तर ही माहिती प्रत्येक डॉक्टरला द्यावी. लहान मुलात पॉलिप दिसल्यास सिस्टिक फायब्रोसिसची तपासणी करतात. एकाच नाकपुडीत गाठ असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर तिला साधा पॉलिप समजून फवाऱ्यावर वेळ घालवू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करून, आवश्यक तर तुकडा तपासून घ्यावा.